मक्याच्या मुलखात आडवाटेने

"अप्पा, अमेरिकेत काय काय पाहिलंत?" गावी परतल्यावर पारावरच्या मंडळींनी पहिला प्रश्न हाच केला. आता हे उंच इमारतींचे आणि चकचकीत दुकानांचे वर्णन करणार, असे त्यांना वाटले असावे. मी म्हटले, "खडीचे रस्ते पाहिले, बाबांनो." सगळे हसले. खडी काय आपल्या गावाला कमी आहे? त्यासाठी विमानाचे भाडे कशाला खर्चायचे?

पण मंडळी, मी सांगितले ते खरे होते. आणि त्या खडीच्या रस्त्यांवर मी जे पाहिले, त्याने माझ्या चार एकरांविषयीचा बरीच वर्षे टाळलेला एक विषय मला बोलायला लावला. म्हणून ही हकीकत सांगतो.

आमचे गाव खटाव तालुक्यातले. वडिलांची सोळा एकर जमीन चार भावांत वाटली गेली, म्हणून माझ्या वाट्याला चार एकर. मुलगी एकच. ती आणि जावई आयोवा राज्यात, दे मॉइन या शहरी नोकरी करतात. 2024 च्या जून महिन्यात खरिपाची पेरणी पुतण्याच्या हवाली करून आम्ही दोघे तिकडे गेलो. जुलैत मुलीने पाच दिवसांची रजा काढली आणि विचारले, "कुठं जायचं? डोंगर बघायचे की समुद्र?"

मी म्हटले, "मला शेतं दाखव."

मोठा रस्ता आणि आडरस्ता

तिकडे लांबच्या प्रवासाला जे महामार्ग आहेत, ते 1956 साली आयझेनहॉवर अध्यक्ष असताना झालेल्या कायद्याने बांधायला घेतले. एकदा त्यावर गाडी घातली की मध्ये चौक नाही, फाटक नाही, गाव लागत नाही. हजार मैल गेलात तरी एक कोंबडी आडवी जायची नाही. मैल म्हणजे आपले सोळाशे मीटर. मुलीने गाडी अशाच रस्त्याला घातली होती. अर्ध्या तासात मी कंटाळलो. तिला म्हटले, "यावरून नको. शेतातून जाणाऱ्या रस्त्यानं चल. उशीर झाला तर झाला."

तिने गाडी खाली घेतली. थोड्याच वेळात डांबर संपले, खडी लागली आणि मागे पांढरा धुरळा उठला. सौभाग्यवती म्हणाल्या, "आता कसं गावाकडं आल्यासारखं वाटतंय!"

दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर मका. नुकता तुरा येऊ लागलेला. समोरून दहा-पंधरा मिनिटांनी एखादी मालवाहू जीप यायची. चालवणारा स्टिअरिंगवरचे एक बोट वर करायचा. मी मुलीला विचारले, "ओळखीचा आहे का?" ती म्हणाली, "नाही अप्पा, हा इथला रामराम." मग मीही बोट वर करू लागलो. पाच दिवसांत एकही रामराम फुकट गेला नाही.

पण एक गोष्ट मला चमत्कारिक वाटली. रस्ता सरळ म्हणजे किती सरळ! आणि बरोबर एक मैल गेले की काटकोनात दुसरा रस्ता. पुन्हा एक मैल, पुन्हा चौक. जणू कुणी जमिनीवर फूटपट्टी ठेवून रेघा मारल्यात.

तसेच झाले आहे. 1785 साली, देश नुकताच स्वतंत्र झालेला असताना, त्यांनी जमीनमोजणीचा कायदा केला. सहा मैल लांब, सहा मैल रुंद असा एक मोठा चौकोन. त्याचे एकेका चौरस मैलाचे 36 तुकडे. प्रत्येक तुकडा 640 एकरांचा. त्याला तिकडे सेक्शन म्हणतात. छत्तीसांपैकी सोळाव्या नंबरचा तुकडा शाळेच्या खर्चासाठी राखून ठेवलेला. गाव वसण्याआधी शाळेची सोय! पुढे वस्ती झाली तेव्हा या सेक्शनच्या हद्दींवरूनच रस्ते गेले. आपल्याकडे माणसाच्या आणि बैलाच्या पायाने वाट पडली, म्हणून ती ओढा चुकवते, झाडाला वळसा घालते. तिकडे आधी कागदावर रेघ पडली, मग वाट.

तरी निसर्गाने या रेघेलाही एक चिमटा काढला आहे. सरळ उत्तरेला जाणारा रस्ता मध्येच एखाद्या ठिकाणी थोडा बाजूला सरकतो आणि पुन्हा सरळ जातो. पृथ्वी गोल असल्यामुळे उत्तरेला जाणाऱ्या रेघा एकमेकींच्या जवळ येतात, म्हणून ठरावीक अंतरावर मोजणी दुरुस्त करावी लागली. त्या दुरुस्तीच्या ठिकाणी रस्ता वाकडा.

ज्याच्या गव्हाने आपले घर भरले

पहिला मुक्काम आयोवाच्या ईशान्य कोपऱ्यात क्रेस्को या लहानशा गावी केला. तिथून काही मैलांवर नॉर्मन बोरलॉग यांचे लहानपणचे शेतघर आहे. हे नाव आपल्या जाणत्या शेतकऱ्यांनी ऐकले असेल. बुटका, खताला न लोळणारा गहू त्यांनी मेक्सिकोत तयार केला. 1966 साली आपल्या देशाने या गव्हाचे 18 हजार टन बियाणे आणले. 1965 साली आपला गहू सव्वा कोट टनांच्या आत होता, तो 1970 साली दोन कोट टनांवर गेला. त्याच साली बोरलॉग यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले.

त्यांच्या घरची शेती 106 एकरांची. मका, ओट, गवत, गाई, डुकरे, कोंबड्या असा सगळा प्रपंच. सातव्या वर्षापासून पोरगा शेतात राबला आणि एकशिक्षकी, एकखोलीच्या शाळेत आठवीपर्यंत शिकला. मी स्वतः अशाच शाळेत शिकलो. आमच्या शाळेत पावसाळ्यात एका कोपऱ्यात बादली ठेवावी लागे, एवढाच काय तो फरक.

इथे एक आठवण सांगायला हवी. बोरलॉग 1944 साली मेक्सिकोत गेले. त्यांच्या वीस वर्षे आधी आपल्या वर्ध्याचे क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे तिथे पोचले होते. अमेरिकेत शेतीचे शिक्षण घेतलेल्या या मराठी माणसाने मेक्सिकोतल्या चापिंगोच्या कृषी विद्यालयात शिकवले, मक्यावर आणि गव्हावर संशोधन केले. दिएगो रिव्हेरा या नामांकित चित्रकाराने त्यांना भिंतीवरच्या चित्रात रंगवले आहे. आपण मात्र त्यांना पुरते विसरलो.

परतताना एका शेताच्या तोंडाशी टेबल दिसले. त्यावर कोवळी कणसे, टोमॅटो आणि काकड्या. माणूस कुणी नाही. एक पत्र्याचा डबा आणि भावाची पाटी. आपण कणसे मोजून घ्यायची, पैसे डब्यात टाकायचे. सौभाग्यवतींनी बारा कणसे घेतली आणि तेराव्याला हात घालून पुन्हा मागे ठेवले. म्हणाल्या, "कुणी बघत नाही म्हणूनच जास्त भीती वाटते." मात्र रस्त्याकडेला मैलोगणती उभा असतो तो हा खायचा मका नव्हे. तो जनावरांच्या खाद्याला आणि मोटारीच्या इंधनात मिसळायच्या इथेनॉलला जातो.

पिकाचा आकडा सांगतो. आयोवात एकरी 200 बुशेलच्या आसपास मका येतो, म्हणजे सुमारे 50 क्विंटल. 1930 च्या सुमारास साऱ्या देशाची सरासरी 20 ते 25 बुशेल, म्हणजे पाच-सहा क्विंटलच होती. हा फरक संकरित बियाण्याने, खताने आणि यंत्राने केला. ज्या हेन्री वॉलेस यांनी 1926 साली संकरित मक्याच्या बियाण्याची कंपनी काढली, ते आयोवाचेच. पुढे ते देशाचे शेतीमंत्री आणि उपाध्यक्षही झाले.

अठरा डॉलरमध्ये 160 एकर

तिसऱ्या दिवशी मिसुरी नदी ओलांडून आम्ही नेब्रास्का राज्यात बीअट्रिस या गावी गेलो. गावाबाहेर सरकारने एक जुने शेत जपून ठेवले आहे. 1862 साली लिंकन यांच्या सहीने कायदा झाला. एकवीस वर्षांवरील कुणीही, किंवा घरचा कर्ता असेल तो, सगळी मिळून 18 डॉलर फी भरून 160 एकर मागू शकतो. पाच वर्षे तिथे राहायचे, घर बांधायचे, जमीन कसायची, की मालकी त्याची. एकट्या बाईलाही हा हक्क होता, विधवेलाही, गुलामगिरीतून सुटलेल्यालाही. कायदा लागू झाला त्या 1 जानेवारी 1863 रोजी अर्ज केलेल्या डॅनियल फ्रीमन यांचे हे शेत.

फुकट जमीन म्हटली तरी ती फुकट नव्हती. झाड नाही, म्हणून गवताळ जमिनीचे नांगराने पट्टे कापून त्यांच्या विटा करायच्या आणि घर रचायचे. छत गळायचे, भिंतीतून साप निघायचे. टोळ, दुष्काळ, वणवे. सुमारे 40 लाख अर्ज झाले, त्यांतल्या 16 लाखांनाच मालकी मिळाली. बाकीचे मध्येच थकले, निघून गेले किंवा मेले.

आणि ती जमीन ओसाडही नव्हती. तिथे आधीपासून माणसे राहत होती, मका-भोपळा पिकवत होती. त्यांची गोष्ट पुढे येते.

आठ घरांचा रस्ता

बीअट्रिसहून पश्चिमेला रेड क्लाउड नावाचे गाव आहे. विला केदर ही प्रसिद्ध कादंबरीकार इथे वाढली. सकाळी आम्ही खानावळीत चहा घेत होतो. शेजारच्या टेबलावर टोपी घातलेले पाच-सहा म्हातारे पावसावर बोलत होते. भाषा कळली नाही तरी विषय कळला, कारण सगळे मधूनमधून खिडकीतून आभाळाकडे बघत होते. मुलीने माझी ओळख करून दिली. मी शेतकरी म्हटल्यावर त्यांतला एक, माझ्याच वयाचा, उठून आला आणि पहिला प्रश्न केला, "किती एकर?"

मी म्हटले, "चार."

त्याला वाटले मुलीचे भाषांतर चुकले. तिने पुन्हा सांगितले. तो हसला नाही. एवढेच म्हणाला, "चला, माझं दाखवतो."

त्याची जमीन 1800 एकर, त्यातली बरीचशी खंडाची. पाणी द्यायचे यंत्र म्हणजे पाव मैल लांबीची, चाकांवर चालणारी नळी. एक टोक विहिरीपाशी खिळलेले, दुसरे घड्याळाच्या काट्यासारखे शेतभर फिरते. 160 एकरांच्या चौकोनात 130 एकरांच्या आसपास वर्तुळ भिजते, कोपरे कोरडे राहतात. 1952 साली फ्रँक झायबाख या शेतकऱ्याने याचे पेटंट घेतले. म्हातारा ते यंत्र खिशातल्या मोबाइलवरून चालू-बंद करीत होता.

मी पाण्याचे विचारले. नेब्रास्काखाली भूजलाचा फार मोठा साठा आहे, पण उपसा बेसुमार झाला तर तोही खाली जातो. शेजारच्या कॅन्ससच्या पश्चिम भागात तो कितीतरी खाली गेला आहे. नेब्रास्काने 1972 पासून खोऱ्यांप्रमाणे जिल्हे पाडून लोकांनी निवडून दिलेली मंडळे नेमली आहेत. काही ठिकाणी कुणी एकरी किती इंच पाणी उपसायचे, हे मंडळच ठरवून देते. आपल्याकडे शेजाऱ्याने तीनशे फूट बोअर घेतला की आपण चारशेचा घेतो. ही गोष्ट मी वहीत टिपून ठेवली.

गहू नुकताच निघाला होता. तिकडे कापणीच्या टोळ्या असतात. टेक्सासमध्ये उन्हाळ्याच्या तोंडाला सुरू करून पिकाबरोबर उत्तरेला सरकत त्या कॅनडाच्या सीमेपर्यंत जातात. आपल्या ऊसतोडीच्या टोळ्या बैलगाडीतून निघतात, यांच्या प्रत्येकाच्या बुडाखाली चार कोट रुपयांच्या पुढचे यंत्र. घरापासून महिनोन्‌महिने लांब राहणे मात्र दोघांचेही सारखेच.

मग म्हाताऱ्याने गाडी एका खडीच्या रस्त्यावर थांबवली आणि बोटाने दाखवू लागला. "तिथं एक घर होतं. त्या झाडांच्या घोळक्यात दुसरं. ती पवनचक्की दिसते, तिथं तिसरं. मी लहान होतो तेव्हा या रस्त्यावर आठ घरं होती. टपालवाला रोज आठ पेट्यांत कागद टाकायचा. आता एकच पेटी. माझी."

"माणसं कुठं गेली?"

"काही आधीच गेली. चार घरं 1980 नंतर गेली."

ती वर्षे तिकडच्या शेतकऱ्याला फार वाईट गेली. 1970 च्या दशकात धान्याला भाव होता. सरकार सांगत होते, कुंपणापासून कुंपणापर्यंत पेरा. लोकांनी कर्ज काढून जमिनी घेतल्या. मग व्याज चढले, भाव पडले. आयोवात 1981 साली एकराला सरासरी 2147 डॉलर किंमत होती, ती 1986 साली 787 वर आली. जमीन तारण आणि तारणाचीच किंमत गेली. वाड्यात लिलाव पुकारले जाऊ लागले. काही शेतकऱ्यांनी जीव दिला. 1985 च्या सप्टेंबरात गायकांनी त्यांच्या मदतीसाठी मोठा जलसा केला, त्याची चर्चा देशभर झाली. हे ऐकताना मला विदर्भ-मराठवाड्यातली घरे दिसत होती. अठराशे एकरवाल्यालाही सावकार सुटलेला नाही, फक्त त्याच्या कचेरीला काचा आहेत.

1935 साली त्या देशात 68 लाख शेते होती. 2022 च्या शेतीगणनेत ती 19 लाख भरली. सरासरी शेत 463 एकरांचे आणि शेतकऱ्याचे सरासरी वय 58. आपल्या महाराष्ट्राचे उलटे आहे. 1970-71 साली सरासरी खातेदाराकडे 4.28 हेक्टर, म्हणजे साडेदहा एकर होते. 2015-16 साली 1.34 हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकर उरले. त्यांची जमीन एकत्र होत गेली आणि माणसे पांगली. आपली माणसे राहिली आणि जमीन पांगली.

निघताना मी त्याला विचारले, "तुमच्यामागं कोण करणार?"

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "मुलगा डेन्व्हरला असतो. मला वाटायचं, तो येईल. त्याला वाटायचं, मला यंत्रावर कुणी नको आहे. मी कधी विचारलं नाही, त्यानं कधी सांगितलं नाही. आता तो पन्नास वर्षांचा आहे." मग त्याने मला विचारले, "आणि तुमच्यामागं?"

भाषांतर करायला मुलगीच होती. तिने प्रश्न मला सांगितला आणि दुसरीकडे बघितले. मी म्हटले, "बघू."

एका माणसाचे गाव

तिथून 281 नंबरचा रस्ता सरळ उत्तरेला जातो. मध्ये वाळूच्या टेकड्यांचा मुलूख लागतो. वर नुसते गवत, त्यात गाई. मैलोगणती घर दिसत नाही. राज्याच्या उत्तर टोकाला आम्ही पूर्वेला वळलो आणि मोनोवी नावाच्या गावात थांबलो. 1930 च्या दशकात इथे दीडशेच्या आसपास वस्ती होती. 1967 ते 1970 या काळात टपाल कचेरी आणि शेवटचे किराणा दुकान बंद झाले. 1974 साली शाळा गेली. 2004 साली इथले एक गृहस्थ वारले आणि मागे एकट्या त्यांच्या पत्नी उरल्या. 2010 च्या शिरगणतीत गावाची लोकसंख्या एक! सरपंच त्याच, कारकून त्याच, खजिनदार त्याच. गावचा कर त्या स्वतःच स्वतःला भरत. पतीची पाच हजार पुस्तके त्यांनी एका खोलीत मांडून वाचनालय केले. शेजारी पडकी घरे, त्यांच्या खिडक्यांतून बाहेर आलेली झाडे. सौभाग्यवती गाडीतून उतरल्याच नाहीत.

तिथून पुढे नायोब्रारा नदीचा काठ. फुकट वाटलेल्या जमिनीवर आधी कोण होते, ते इथे कळते. हा पोंका लोकांचा मुलूख. नदीकाठी त्यांची मक्याची शेते होती. 1877 साली सरकारने त्यांना जबरदस्तीने शेकडो मैल दक्षिणेला, आजच्या ओक्लाहोमात हाकलले. तिथे हिवतापाने आणि उपासमारीने माणसे मेली. त्यांचा नायक स्टँडिंग बेअर याचा मुलगाही गेला. मला आपल्या जुन्या मातीत पुरा, हे त्याचे शेवटचे मागणे. 1879 च्या जानेवारीत, बर्फात, बाप मुलाच्या अस्थी घेऊन तीसेक माणसांसह पायी उत्तरेला निघाला. वाटेत अटक झाली, खटला चालला. ओमाहाच्या न्यायाधीशाने त्या वर्षीच्या मे महिन्यात निकाल दिला की कायद्याच्या नजरेत इंडियन हाही माणूस आहे. हे ठरवायला कोर्टात जावे लागले! बापाने मुलाला इथे आणून पुरले. 2019 साली त्या बापाचा पुतळा वॉशिंग्टनच्या संसदभवनात बसवला आहे.

नदीकाठी मी बराच वेळ उभा होतो. जमीन म्हणजे काय, हे त्या बापाला सातबारा न बघता माहीत होते.

परतीच्या वाटेवर

शेवटच्या दिवशी संध्याकाळी पुन्हा आयोवाच्या खडीच्या रस्त्याला लागलो. सूर्य मागे होता, मक्याच्या तुऱ्यांवर ऊन पडले होते. मागे सौभाग्यवतींचा डोळा लागला होता. मी मुलीला म्हटले, "तो म्हातारा मला काय विचारत होता, त्याचं उत्तर तूच सांग."

तिने गाडी हळू केली. म्हणाली, "अप्पा, खरं सांगू? मी शेती करायला परत येणार नाही. तुम्ही विचारत नव्हता, म्हणून मी बोलत नव्हते. पण घर पडू देणार नाही. शेत दादा कसतोय, त्यालाच कसू द्या. फक्त त्याच्या मनात धाकधूक राहील असं ठेवू नका. तुमच्या हयातीत बसून, मला आणि त्याला समोर घेऊन, काय ते कागदावर आणा."

खरे सांगतो, पहिल्या वाक्याला काळजात चर्र झाले. पण पुढच्या चौकापर्यंत जाताजाता, म्हणजे एका मैलात, मन हलके झाले. दहा वर्षे जे ओझे वागवीत होतो, ते निदान आता दिसत होते.

दिवाळीत मुलगी पंधरा दिवस आली. पुतण्या, सूनबाई, मुलगी आणि आम्ही दोघे ओट्यावर बसलो. पुतण्याने सगळ्यांत आधी विचारले, "काका, मग बांधावर आंबे लावू का? इतकी वर्षं लावावेसे वाटत होते, पण शेत राहील की नाही कळत नव्हतं." वकिलाकडे जाऊन कागद केला. मुलीचा हक्क काय, पुतण्याचा काय, सगळे त्यात स्पष्ट आहे.

आंबे लावले आहेत. बारा कलमे. म्हाताऱ्याला मुलीकरवी फोटो पाठवला. त्याचे उत्तर आले, "या रविवारी मुलाला फोन करतो."